शिडीवरचा ढवळे

अविनाश ढवळेबद्दल चांगलं बोलायचं तर मला पाऊण तास पुरणार नाही, आणि वाईट बोलायचं तर एक मिनिट पुष्कळ झालं. एवढं पारडं जड असताना मी त्याला केव्हाच माफ करायला हवं होतं, असं आमच्या महाराष्ट्र मंडळातले लोक म्हणतात. मंडळातल्या लोकांचं म्हणायला काय जातं! ढवळे आता न्युरेम्बर्गला असतो. परवा कुणीतरी सांगितलं की तिथेही त्याने फलाटाचं टोक गाठलंय. ते ऐकलं आणि दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही तो फलाटाच्या टोकालाच होता. पुण्याहून जर्मनीत नेकारसुल्मला येऊन मला जेमतेम दहा दिवस झाले होते. स्टेशनवर छप्पर संपतं त्याच्याही पुढे, जिथे सहसा कुणी जात नाही, तिथे एक उंच, सावळा माणूस तीन पायऱ्यांची घरगुती शिडी मांडून तिच्यावर उभा होता. मला वाटलं, दिवे बदलणारा असेल. हाइलब्रोनची गाडी कुठे लागते हे विचारायला मी त्याच्याजवळ गेलो आणि मनात तीनदा घोकलेलं जर्मन वाक्य म्हणून दाखवलं. त्याने मान न वळवता मराठीत सांगितलं, "दोन मिनिटं गप उभा राहा. मालगाडी येतेय."

माझ्या हातात लग्नाच्या बस्त्याच्या दुकानाची पिशवी होती, ती त्याने लांबूनच वाचली होती. मालगाडी आली. कारखान्यातून निघालेल्या नव्याकोऱ्या मोटारी दोन मजल्यांवर लादलेल्या. ती पूर्ण जाईपर्यंत तो पापणी न हलवता उभा राहिला, मग वहीत इंजिनाचा नंबर लिहिला आणि खाली उतरला.

"कुठला?"

"पुण्याचा."

"पुण्याचा आजकाल कोण नसतो? मूळचा कुठला?"

"दौंडचा."

त्याने घडी केलेली शिडी परत जमिनीवर ठेवली. "दौंडचा? आणि रिकाम्या हाताने स्टेशनवर आलायस?"

तो स्वतः मिरजेचा. मिरजेत एके काळी तीन मापांचे रूळ होते हे तो अशा थाटात सांगायचा की जणू ते त्याच्या आजोबांनीच टाकले. घरात रेल्वेत कुणी नव्हतं, वडिलांचं स्टेशनसमोर वह्या-पेनांचं दुकान होतं. ढवळेला इंजिन चालवायचं होतं. लेखी परीक्षा पास झाला आणि डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला. लाल आणि हिरव्यात त्याची गडबड व्हायची. मग तो मेकॅनिकल इंजिनिअर झाला, चिंचवडला लागला आणि तिथून जर्मनीत मोटारींच्या ब्रेकची चाचणी घ्यायला आला. हे सगळं त्याने मला एकदाच सांगितलं, तेही चिवडा खाता खाता. त्यात काही दुःखाचं असेल असं तेव्हा मला वाटलं नाही.

ती शिडी मुळात वैदेहीवहिनींची. पडदे काढा-घालायला म्हणून त्यांनी ती हौसेने आणली होती. पडदे धुवायला काढायचे असले की त्या आधी नवऱ्याला फोन करायच्या, "अहो, शिडी घेऊन या, आणि जमलं तर तुम्हीही या." त्यांची मुलगी ओवी. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. शाळेत बाईंनी विचारलं, तुझे वडील काय करतात? ओवीने सांगितलं, "एअर श्टेट आउफ डेर लायटर." तो शिडीवर उभा असतो. पोरीने जे पाहिलं ते सांगितलं.

दर शनिवारी सकाळी साडेआठला आम्ही फलाटाच्या टोकाला असायचो. महिनाभरात मीही शिडी आणली. ढवळेजवळ एका डब्यात चिवडा आणि दुसऱ्यात बेसनाचे लाडू असत, पण पाच मालगाड्या झाल्याशिवाय तो डबा उघडू द्यायचा नाही. इंजिनांना त्याने नात्यांची नावं दिली होती. खोकत खोकत येणारं जुनं डिझेल म्हणजे आत्याबाई. नवं विजेवरचं, आवाज न करता तीस-तीस डबे ओढणारं, ते धाकटी सून. "बघ," तो म्हणायचा, "हूं नाही की चूं नाही, सगळं घर ओढतेय बिचारी." आणि कुठलीही अडचण असो, माझा रखडलेला व्हिसा असो, वहिनींच्या नोकरीचा अर्ज असो, त्याचं एकच उत्तर ठरलेलं: "पडेल सिग्नल." त्याच्या तोंडून ते ऐकलं की खरंच जरा धीर यायचा.

माझ्या बायकोला, मेधाला, सुरुवातीला वाटलं की हे खूळ चार दिवसांत जाईल. मी वहीत नंबर लिहायला लागलो तेव्हा तिने हात टेकले. "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला," असं ती मंडळाच्या संक्रांतीला सगळ्यांदेखत म्हणाली आणि तेव्हापासून मंडळात माझं नाव पवळ्याच पडलं. मला त्याचा राग नव्हता. परक्या गावात आपल्याला कुणाच्या तरी शेजारी बांधलेलं असणं मला बरं वाटायचं.

गाड्या बघणाऱ्यांची एक रीत आहे. कुणाला काही वेगळं इंजिन दिसलं की तो पुढच्या गावातल्या माणसाला फोन करतो, म्हणजे पुढच्याला तयारीत राहता येतं. आमच्या साखळीत तिघं होतो. नदीच्या वरच्या अंगाला हेर बाउमान, म्हणजे आपल्याकडचे श्रीयुत, पोस्टातून निवृत्त झालेले सत्तरीचे गृहस्थ. त्यांच्यानंतर नेकारसुल्मला ढवळे. त्याच्यापुढे, आम्ही नंतर राहायला गेलो त्या नदीकाठच्या लहान गावात, मी. नियम असा की प्रत्येकाने फक्त आपल्या पुढच्याला सांगायचं. बाउमाननी ढवळेला ओलांडून मला फोन करायचा नाही. तसं करणं म्हणजे मधल्यावर विश्वास नाही असं म्हणण्यासारखं. बाउमान या बाबतीत सोवळ्यातले होते. त्यांच्याकडे माझा नंबरही नव्हता.

ढवळेच्या फोनला हॅलो नसायचं. "आत्याबाई, मागे अकरा टाक्या, आठ मिनिटं." की बंद. हा फोन मला मीटिंगमध्ये आला आहे, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना आला आहे, आणि एकदा माझ्या मुलाच्या किटामध्ये, म्हणजे पाळणाघरात, पालकसभेत आला आहे. सगळीकडून मी उठून गेलोय. नऊ वर्षांत त्या फोनवर आलेली एकही गोष्ट खोटी निघाली नव्हती.

आमच्या मंडळाचा गणपती एका भाड्याच्या हॉलमध्ये असतो आणि हॉलच्या मागून रूळ जातात. एका वर्षी आरतीचा मान ढवळे दांपत्याचा होता. दुसरं कडवं चालू असताना ढवळेचे कान टवकारले. त्याने ताट माझ्या हातात दिलं, घंटा मात्र त्याच्याच हातात राहिली, आणि तो मागच्या दाराने बाहेर. बाहेरून घंटेचा आवाज येत राहिला, कारण तो तसाच धावत होता. वैदेहीवहिनींनी शेजारी पाहिलं तर नवऱ्याच्या जागी मी. "चालू द्या," त्या म्हणाल्या, "नाहीतरी यांच्या घरात लग्न होऊन मी इंजिनाचीच धाकटी जाऊ झालेय." ढवळे परत आला तो कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर साक्षात दर्शन घडल्याचा आनंद घेऊन. प्रसाद त्यानेच सगळ्यांना वाटला.

आणि हाच ढवळे, मी अपेंडिक्सने हाइलब्रोनच्या दवाखान्यात पडलो तेव्हा चार दिवस उरलाउब, म्हणजे रजा, टाकून माझ्या उशाशी बसला होता. मेधा आणि मुलगा तिच्या भावाच्या लग्नाला पुण्याला गेले होते. ढवळे सकाळी थर्मासमधून मऊ भात आणि मेतकूट आणायचा. खिडकीतून समोरची भिंत दिसायची, बाकी काही नाही. मला कंटाळा यायला लागला की हा घड्याळात बघून सांगायचा, "दहा चाळीसची सुटली. पुलावर आली. आता वळण. बघ, डावीकडे द्राक्षांचे मळे." सगळं वेळापत्रक त्याला तोंडपाठ. नर्सने विचारलं, तुम्ही भाऊ का? तो म्हणाला, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. मी कुशीवर वळलो आणि रडलो, टाके दुखत असल्याचं सोंग करून. माझा सख्खा भाऊ ठाण्यात असतो. त्याने दोन मेसेज केले होते.

त्याची एकच गोष्ट मला खटकायला हवी होती. फोटो काढायच्या उत्तम जागा तो कुणालाही सांगत नसे. कुणी विचारलं की हा जंगलातला चुकीचा रस्ता अगदी नकाशा काढून समजावायचा आणि तो माणूस गेला की मला डोळा मारायचा. "जागा सांगितली की जागा गेली," असं त्याचं म्हणणं. मला त्या सगळ्या जागा ठाऊक होत्या. मी त्यात माझा मान समजत होतो. जो माणूस दहाजणांना हसत हसत चुकीच्या वाटेला लावतो, तो अकराव्याला का नाही लावणार, हा हिशेब मला तेव्हा सुचला नाही. मैत्रीत माणूस इतका बावळट होतो की त्याला वाटतं, आपण अकरावे नाहीच.

दोन वर्षांपूर्वी माझे वडील, अप्पा, तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. वय अठ्ठ्याहत्तर. हृदयाच्या डॉक्टरांनी हा प्रवास मोठ्या मिनतवारीने मंजूर केला होता आणि पुढच्या वर्षी परत येऊ असं आमच्यापैकी कुणी तोंडानेही म्हणत नव्हतं.

अप्पा दौंडच्या यार्डात फिटर होते. डबे इकडून तिकडे ढकलणारं एक शंटिंगचं इंजिन होतं, त्याच्या पोटातलं डिझेलचं यंत्र जर्मन बनावटीचं. त्यावर पितळेची पाटी. अप्पांना ती वाचता यायची नाही, पण तीस वर्षं त्यांनी ती रोज पुसली. पुढे ती इंजिनं भंगारात गेली. अप्पा निवृत्त झाले, आणि मला कबूल करायला हवं की या गोष्टीबद्दल मी त्यांना आयुष्यात एक प्रश्न विचारला नव्हता.

ढवळेने विचारले. पहिल्या आठवड्यापासून तो रोज संध्याकाळी कामावरून थेट आमच्याकडे यायचा, वही उघडून बसायचा. "अप्पा, थंडीत सुरू व्हायला त्रास द्यायचं का?" "अप्पा, पहिला ठोका कसा यायचा?" मग अप्पा तोंडाने तो आवाज काढून दाखवायचे, ढवळे तसाच काढायचा, अप्पा मान हलवून दुरुस्ती सांगायचे. मेधा स्वयंपाकघरातून म्हणायची, "जेवायला बसायच्या आधी दोन्ही इंजिनं बंद करा." अप्पांनी त्या पाटीवरची अक्षरं आठवून आठवून कागदावर काढली, रांगोळीचे ठिपके जोडावेत तशी. ढवळेने ती लावली, तर उत्तरेकडच्या समुद्राकाठच्या एका गावाचं नाव निघालं. अप्पा कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत बसले.

"तुमचा मित्र मोठा गुणी आहे हो," त्या दिवशी ते मेधाला म्हणाले.

आणि ढवळे तेवढ्यावर थांबला नाही. त्याने बाउमानना कामाला लावलं. बाउमाननी शोधून काढलं की तसलंच डिझेल पोटात असलेलं एक जुनं इंजिन रेल्वेवेड्या लोकांच्या एका संस्थेने जपलं आहे, आणि मे महिन्यातल्या एका सुट्टीच्या गुरुवारी ते दुसऱ्या संग्रहालयात नेणार आहेत. ट्रकवर घालून नाही, रुळांवरून, स्वतःच्या ताकदीने, आमच्याच भागातून. वाटेत एका लहान स्टेशनावर ते पंचवीस मिनिटं थांबणार होतं.

अप्पांनी एकच विचारलं. "चालू असेल ना? उभं इंजिन बघण्यात काय राम? मला ठोका ऐकायचाय." मग त्यांनी माझ्या हत्यारांच्या पेटीतून सगळ्यांत लांब स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला. टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, म्हणजे पोटातलं सगळं ऐकू येतं, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. कमी ऐकू येणाऱ्या कानालाही येतं म्हणाले.

आमच्याकडे पुढे दोन लाइनी फुटतात, एक नदीकाठाने, एक टेकड्यांतून. दोन्हींवर तसलं लहान थांब्याचं स्टेशन आहे. इंजिन कुठून जाणार हे त्या दिवशी सकाळीच कळणार होतं. ते संस्थेचे लोक बाउमानना सांगणार, बाउमान ढवळेला, ढवळे मला. नदीकाठचं स्टेशन आमच्या घराजवळ, म्हणून मी अप्पांना घेऊन तिथेच जाऊन बसलो. टेकडीवरची लाइन निघाली असती तरी मोटारीने वीस मिनिटांत पोचलो असतो.

नऊ चाळीसला फोन आला. "नदीकाठची. तिथेच थांबा. हलू नका."

अप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, वर बिनबाह्यांचा स्वेटर. रुमालात गुंडाळलेला स्क्रू-ड्रायव्हर मांडीवर. गाडी येताना दिसली की ते उठून उभे राहायचे आणि ती नेहमीची प्रवासी गाडी निघाली की परत बसायचे. साडेअकराला मी ढवळेला फोन लावला, त्याने उचलला नाही. बाराला लावला, उचलला नाही. एक वाजता मेसेज आला: "कॅन्सल झालं दिसतंय. सॉरी रे. अप्पांना सांग."

अप्पांनीच उलट माझी समजूत घातली. "म्हातारं इंजिन आहे. सुटलंच नसेल. रेल्वेत हे चालायचंच." आमच्या मोटारीत बसताना मात्र त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. घरी आल्यावर त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर स्वतःच्या हाताने पेटीत ठेवला आणि कपडे बदलून झोपले. जेवले नाहीत.

शनिवारी ढवळेने ऑफिसचं काम निघाल्याचं कळवलं. रविवारी दुपारी चारला दारावरची घंटा वाजली. अप्पांनीच दार उघडलं. बाहेर हेर बाउमान, कोट घालून, एका हातात मधाची बाटली आणि दुसऱ्यात टॅब्लेट. वैदेहीवहिनींकडून पत्ता विचारून आले होते. अप्पांना धडधाकट उभे बघून त्यांचा चेहरा आधी खुलला, मग गोंधळला.

"गुटे बेसेरुंग म्हणायला आलो होतो," ते मला म्हणाले. लवकर बरे व्हा, असा त्याचा अर्थ. "पण वडील तर छान दिसतात. गुरुवारी इतकं काय झालं होतं?"

मला काहीच समजेना. मी म्हटलं, इंजिन रद्द झालं ना?

बाउमान हळूहळू खुर्चीवर बसले. त्यांनी सांगितलं ते असं. इंजिन वेळेवर आलं, टेकड्यांच्या लाइनीने. त्यांनी ढवळेला सकाळी साडेनऊलाच कळवलं होतं. आणखीही एक गोष्ट कळवली होती. त्या थांब्यापासून पुढच्या स्टेशनापर्यंत, तासभराचा रस्ता, इंजिनात चालकांशेजारी एका पाहुण्याला बसायची परवानगी मिळाली होती, आणि भारतातून आलेल्या म्हाताऱ्या फिटरची हकिकत ऐकून संस्थेच्या लोकांनी ती जागा अप्पांसाठी ठेवली होती. चालक वाट बघत होते. ढवळे एकटाच आला. त्याने सांगितलं, वडिलांची छाती दुखायला लागली, ते येऊ शकत नाहीत. मग जागा रिकामी कशाला ठेवायची, म्हणून त्याला बसवलं.

"मी सगळं चित्रण केलंय," बाउमान म्हणाले. "आजारपणात तेवढाच विरंगुळा, म्हणून घेऊन आलो." त्यांचा आवाज बारीक झाला होता. काय घडलंय ते त्यांना सांगता सांगताच कळत होतं.

अप्पांना जर्मन येत नव्हतं. त्यांनी टॅब्लेट पुढ्यात ओढला. लहानसं स्टेशन, मागे टेकडी, फलाटाला लागलेलं हिरवं इंजिन. अप्पा पुढे झुकले. "हेच," ते म्हणाले. "हेच ते." मग नारिंगी जाकीट घातलेला ढवळे दिसला. कुणीतरी वरून हात दिला, तो दांडीला धरून चढला, खिडकीतून डोकं बाहेर काढून हसला. नऊ वर्षांत त्याला इतकं आनंदी मी पाहिलं नव्हतं. चालकाने हात उंचावून खूण केली, आता इंजिन सुरू होणार.

"बंद कर," अप्पा म्हणाले.

"अप्पा, आता ठोका येईल. ऐका तरी."

"बंद कर, नितीन. असा नको."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आपण कुठे बसलो होतो ते ह्याला ठाऊक होतं?" मी हो म्हटलं. बाउमान गेल्यावर मधाची बाटली टेबलावर तशीच राहिली.

मी दुसऱ्याच दिवशी कामावरून सुटल्यावर स्टेशनवर गेलो. ढवळे टोकाला शिडीवर होता. मला बघून उतरला. आधी त्याने खोटंच सांगून पाहिलं.

"आल्झो, काय झालं माहितीये, शेवटच्या क्षणी रूट बदलला आणि..."

"बाउमान घरी आले होते."

तो शिडीच्या पायरीवर बसला.

"एकच जागा होती रे, नितीन."

"अप्पांसाठी होती."

"अप्पांनी तीस वर्षं त्यात हात घातलाय. मी मिरजेला पुलावरून बघितलं, चिंचवडला पुलावरून बघितलं, इथे शिडीवरून बघतो. सगळा जन्म बाहेरून. मला एकदा आतून बघायचं होतं. एकदाच."

"मग मागायचं होतंस. अप्पांनी स्वतः तुला वर चढवलं असतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "आणि नसतं चढवलं तर?"

हा प्रश्न त्याने मनापासून विचारला होता. नऊ वर्षं आमच्या घरी तो हाताने वाढून घेऊन जेवला, अप्पांसमोर महिनाभर मांडी घालून बसला, आणि त्याला आमच्याबद्दल एवढीच खात्री होती. मला इंजिनापेक्षा हे जास्त लागलं. मी पुढे बोलणार तेवढ्यात लांबून मालगाडीचा आवाज आला आणि ढवळेची मान वळली. त्याने मुद्दाम केलं नाही. ती आपोआप वळली. मी तिथून निघालो.

अप्पा भारतात परत निघाले तो दिवस जूनमधला. फ्रांकफुर्टच्या विमानतळापर्यंत मी त्यांना पोचवणार होतो. गाडी ढवळेनेच महिनाभर आधी शोधून दिली होती, बदल कमी आणि जिने कमी अशी, त्यामुळे तो येईल ही धास्ती मला होतीच. तो आला. शिडी नाही, कॅमेरा नाही. धुतलेला शर्ट, दाढी केलेली, दोन दिवसांत झोपला नसावा असे डोळे. फलाटावर आम्ही तिघंच होतो.

"अप्पा, निघालात," तो म्हणाला.

"हो."

"प्रवासात गोळ्या वेळेवर घ्या."

"हो."

मग तो नमस्काराला वाकला.

माझे वडील साधा माणूस आहेत. घराच्या वाटणीवरून ज्या चुलतभावाने त्यांना सात वर्षं कोर्टाच्या खेपा घालायला लावल्या, त्याची मुलंही सणाला येऊन वाकतात आणि अप्पा त्यांच्या डोक्यावर हात ठेवतात. पाया पडणाऱ्याला नाही म्हणू नये, असं त्यांनीच आम्हाला शिकवलं. त्या दिवशी त्यांनी ढवळेकडे पाहिलं, काठी सावरली आणि पाय मागे घेतले. एकच पाऊल. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दमल्यासारखे दिसत होते.

ढवळेची बोटं फलाटाच्या फरशीला टेकली. त्याला कळलं असणार, पण तो सरळ झाला नाही. गाडी आली, आमच्या पुढ्यात थांबली, दार उघडलं. अप्पा दांडीला धरून कुणाचाही हात न घेता चढले. खांद्याला हात लावून "ऊठ रे" म्हणायचं, एवढंच काम माझ्यासाठी उरलं होतं. मी बॅग उचलली आणि त्याच्या बाजूने वळसा घालून अप्पांच्या मागे चढलो.